शिराओनेला नावं ठेवणारे पाहुणे

तारेवरून वर आलेल्या गोंडोलाचं दार उघडलं आणि मेधाचे पाहुणे शिराओनेच्या डोंगरमाथ्यावर उतरले ते नावं ठेवतच.

"हे बघायला आलो होय आपण? धुकं?" प्रल्हादराव कानटोपी खाली ओढत म्हणाले. "धुकं तर लोणावळ्याला फुकट मिळतं."

सगळे हसले. मेधा तेवढी हसली नाही. लॉजच्या दारात मालकीणबाई, ओकुबो-सान, कमरेत वाकून उभ्या होत्या. भाषा कळत नसली तरी त्यांना आवाजाची पट्टी नक्कीच कळत असणार, असं तिला वाटलं.

"ते म्हणतायत, हवा फार छान आहे," तिने जपानीत सांगून टाकलं.

ही पहिली थाप. पुढे दिवसभर तिला दुसरा उद्योगच राहिला नाही.

प्रल्हादराव म्हणजे मेधाचे सासरे. त्यांचा जन्म गेला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये. आत आलेल्या गाडीभोवती एक फेरी मारायची आणि तिच्यात काय काय बिघडलंय ते मोठ्याने सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ती फेरी काही थांबली नाही. आता ते दुसऱ्यांच्या घरांभोवती, लग्नातल्या जेवणाभोवती आणि सुनेच्या पोळ्यांभोवती फेरी मारत. त्यांच्या मनात वाईट काही नसे, पण हे घरातल्यांना माहीत. परक्या बाईला ते कोण आणि कसं समजावणार? यंदा थंडीत ते मुलाकडे जपानला आले होते, आणि इतक्या लांब आलेल्या माणसाला सहलीतून वगळायचं तरी कसं?

बरं, बाकीची मंडळी तरी कुठे कमी होती! तोक्योकडच्या उरायासु आणि तोयोसुमधली पाच-सहा कुटुंबं, सगळी पुण्या-मुंबईची. एखाद्या गोष्टीत खोड काढली नाही तर तिच्याकडे नीट लक्षच दिलं नाही, असं मानणारी.

मेधाचा जीव टांगणीला लागला होता, त्याला कारणही तसंच होतं. अंबरीषच्या मागोमाग ती जपानला आली, त्यानंतर कितीतरी वर्षं तिची ओळख म्हणजे 'अंबरीषची बायको' किंवा 'सलोनीची आई'. उरायासुच्या त्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी टाकायचा आणि काचेचा कुठल्या वारी, एवढेच काय ते निर्णय तिच्या हातात. मग कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र उघड्या दुकानात, अर्धवेळ काम करता करता, गल्ल्यामागे उभं राहून ती जपानी शिकली, परीक्षा दिल्या, आणि मागच्या वसंतात शिराओने लॉजच्या तोक्योतल्या ऑफिसात तिला एका वर्षाच्या करारावर नोकरी मिळाली. करार मार्चअखेर संपत होता. भारतीय पाहुण्यांना इथे आणू या, ही कल्पना तिचीच. ओकुबो-सान तेव्हा म्हणाल्या होत्या, "एक गट आणून दाखवा. मी स्वतः बघते. मग तुमच्या कराराचं ठरवू." आता फेब्रुवारी चालू होता आणि गट दारात उभा राहून धुक्याला नावं ठेवत होता.

जेवणाच्या टेबलावर पहिला बार उडाला. सूपमध्ये मासळीचा अंश नको म्हणून मेधाने आठवडाभर आधीपासून स्वयंपाकघराच्या मागे लागून समुद्रातल्या पाल्याचं सूप करून घेतलं होतं. प्रल्हादरावांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"ह्यात पाणी आहे, मीठ आहे. मधलं काही घालायचं राहिलंय."

"बाबा, तसंच असतं ते."

"असेल बापडं. नुपूर, तो डबा काढ गं."

तोयोसुच्या जयेशची बायको नुपूर जणू ह्याच हुकमाची वाट बघत होती. पिशवीतून लसणाची चटणी निघाली, लिंबाचं लोणचं निघालं, कुणाचे तरी मेथीचे ठेपले निघाले. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, अशी पाटी भिंतीवर ठळक अक्षरांत लावली होती. ती जपानीत होती म्हणून कुणी वाचली नाही; मराठीत असती तरी कुणी वाचली असती असं नाही. लसणाचा वास हॉलभर पसरला. कोपऱ्यातल्या टेबलावर एक वयस्कर जपानी जोडपं बसलं होतं. ते दर घासाला एकमेकांकडे पाहून "सुबाराशी" म्हणत होतं, म्हणजे वा, अप्रतिम! मेधाला त्या जोडप्याला आपल्या गटात घ्यावंसं वाटलं.

मग चहा आला. कपात पाणी, पाण्यात पुडी, शेजारी कोमट दुधाचं चिमुकलं भांडं.

"ह्याला चहा म्हणतात?" प्रल्हादराव उद्गारले. "आमच्या वर्कशॉपमध्ये ह्यानं काचा पुसल्या असत्या." आणि कप संपवून दुसरा मागितला.

ओकुबो-सान जवळच उभ्या होत्या. त्यांनी मेधाकडे पाहिलं.

"चहा आवडला त्यांना," मेधा म्हणाली. कानाची पाळी लाल झाल्याचं तिचं तिला जाणवलं.

दुपारी तर विचारू नका. स्कीचे बूट पायाला चावतात म्हणून कुरकुर झाली. जयेश पहिल्याच उतारावर सपशेल आडवा झाला आणि बर्फातून उठत म्हणाला, "ह्या बर्फाची क्वालिटीच बरोबर नाहीये." गरम पाण्याच्या सामुदायिक हमामात कपडे काढून उतरायचं असतं हे कळल्यावर तर पुरुषमंडळींत खळबळ माजली. "अरे, माझ्या ऑफिसचा तानाका-सान इथे भेटला तर?" जयेश म्हणाला. "सोमवारी त्याच्याबरोबर स्टेटस मीटिंग आहे माझी!" कुणीतरी संडासातले स्लिपर घालून थेट जेवणाच्या हॉलमध्ये आलं. मेधा पळत गेली, ते बदलायला लावून आली. ती सारखी पळतच होती. वर खोल्यांत, खाली बुटांच्या दालनात, तिथून स्वयंपाकघरात. डोळ्यांत तेल घालून ती ओकुबो-सानचा चेहरा बघत होती, आणि त्या चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी प्रल्हादराव बाहेरच्या गच्चीवर गेले. तिथून पलीकडच्या पर्वतरांगा दिसतात म्हणे, पण अर्थात धुकं होतं. परत येताना पायऱ्यांवर त्यांचा पाय जरासा सरकला. सावरले ते, पण मग ओकुबो-सानना गाठून त्यांनी हातवारे करून मराठीतच लंबंचौडं काहीतरी सुनावलं. पायरी दाखवली, आपला गुडघा दाखवला, हवेत एक आडवी रेघ ओढली. तोवर मेधा धावत पोचली.

"काय म्हणतायत?" ओकुबो-साननी विचारलं.

"म्हणतायत की पायऱ्या सुरेख आहेत. जुन्या पद्धतीच्या."

ओकुबो-सान बराच वेळ पायऱ्यांकडे पाहत राहिल्या. मग वाकल्या आणि निघून गेल्या. मेधाने खोलीत जाऊन ते सगळं अंबरीषला सांगितलं.

"तू उगाच टेन्शन घेतेस," अंबरीष म्हणाला. "झाला करार तर झाला. नाहीतर माझा पगार आहेच की."

तो बिचारा धीर द्यायला बोलला, पण मेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझा पगार आहे, हेच तर इतकी वर्षं ऐकत आले, असं तिच्या ओठांवर आलं होतं. सलोनी शेजारीच खेळत होती म्हणून तिने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादराव हॉलमध्ये खिडकीपाशी चहा घेऊन बसले होते. मेधाला बघताच म्हणाले, "अगं, ह्या काचेच्या फटीतून वारा येतो बघ. आणि ह्या खुर्चीवर बसलं की काही दिसत नाही, फक्त तो खांब. खुर्ची इकडे सरकवायला काय होतं ह्यांना? बोलव त्या बाईंना."

आणि मेधाचा बांध फुटला.

"बाबा, पुरे! आज एक शब्द बोलू नका, तुमच्या पाया पडते. तुम्हाला गंमत वाटते, पण माझी नोकरी आहे ही. माझी स्वतःची. तुमच्या ह्या नावं ठेवण्यापायी ती जाईल, आणि मग बसेन मी घरी प्लास्टिक वेगळं करत. चालेल तुम्हाला?"

ती सासऱ्यांशी असं कधीच बोलली नव्हती. प्रल्हादरावांनी कप बशीत ठेवला.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "बरं. नाही बोलत." अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले.

त्यांनी नुसतं स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं नाही, अख्ख्या गटाला घातलं. जयेशला, नुपूरला, सगळ्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवशी शिराओनेच्या माथ्यावर मराठी माणसांची एक टोळी हूं की चूं न करता वावरत होती. सूप आलं, सगळ्यांनी मुकाट प्यायलं. डबे पिशवीतच राहिले. जयेश पुन्हा पडला आणि उठून म्हणाला, "व्हेरी नाइस." ओकुबो-सान प्रत्येक टेबलापाशी थांबल्या, आणि प्रत्येक टेबलावरून त्यांना सारखंच उत्तर मिळालं. छान. उत्तम. फार सुंदर.

सुरुवातीला मेधाचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू तिला बसवेना. काल नको नको झालेला तो कलकलाट आज कानांना हवासा वाटायला लागला. सलोनीसुद्धा तिच्या बाहीला झोंबत जपानीत विचारून गेली, "आजोबांना बरं नाहीये का?" ती असं काही गंभीर विचारायची ते जपानीतच. मेधा पुन्हा वरखाली पळत सुटली, आणि आज तर कुणी काही मागितलंही नव्हतं.

दुपारी ओकुबो-साननी तिला बूट वाळवायच्या खोलीत बोलावलं. ओल्या बुटांचे तळवे वर करून रांगा लावलेल्या, कोपऱ्यात हीटर घरघरत होता. सत्तरी उलटलेल्या ह्या बाई स्वतः बूट पुसत होत्या.

"मेधा-सान, काल तुमचे सासरे किती वेळ बोलायचे, आणि तुम्ही मला एका वाक्यात सांगायचात. जपानी भाषा इतकी आटोपशीर नाही."

मेधाची मान खाली गेली. "माफ करा. ते तक्रारी करत होते. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"तक्रारी होत्या ते मला कळलं होतं. पायरीपाशी त्यांनी हवेत कठडा काढून दाखवला. तो समजायला मराठी कशाला यायला हवं?" ओकुबो-साननी दुसरा बूट घेतला. "काल चहाला तोंड वाकडं केलं आणि पुन्हा कप पुढे केला. आज पहिलाच कप अर्धा टाकून उठले आणि म्हणे फार सुंदर. काय झालं?"

"मीच त्यांना बोलू नका म्हटलं."

ओकुबो-साननी हातातला बूट खाली ठेवला. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"माझे पाहुणे वर्षानुवर्षं इथे येत होते. सगळे जाताना छान म्हणायचे. मग एखाद्या हिवाळ्यात यायचे नाहीत, आणि नंतर कधीच यायचे नाहीत. काय खटकलं ते एकानेही सांगितलं नाही. आता अर्ध्या खोल्या बंद ठेवते मी. काल पहिल्यांदा कुणीतरी ह्या घराकडे नीट बघून मला काही सांगत होतं, आणि तुम्ही ते मधल्या मधे अडवलंत. उद्या तुमचा गट निघेल. त्याआधी मला त्यांचं म्हणणं ऐकायचंय, सगळं. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या लोकांना मी कशाच्या भरवशावर बोलावू? आणि तुम्हाला तरी?"

आता काय करावं? ज्या माणसाचं तोंड सकाळी बंद केलं, तेच उघडायला हवं होतं. मेधा जिना चढून गेली. प्रल्हादराव पलंगावर पाय घेऊन भिंतीकडे बघत बसले होते.

"बाबा, चुकलं माझं."

"छे छे. चुकलं कसलं? छान आहे सगळं."

"ओकुबो-सानना तुमच्याकडून ऐकायचंय. चहाबद्दल, पायऱ्यांबद्दल…"

"उत्तम आहेत पायऱ्या. जुन्या पद्धतीच्या." कालचं तिचं वाक्य अंबरीषकडून त्यांच्या कानावर गेलं होतं तर! मेधाने मनातल्या मनात नवऱ्याला दोन शिव्या घातल्या. पुढे तिने विनवण्या केल्या, सलोनीला पाठवलं, अंबरीषला पाठवलं, पण म्हातारबुवा फुरंगटून बसले ते बसलेच. रात्री जेवणातसुद्धा त्यांनी ते सूप तळापर्यंत प्यायलं आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "वा!" तिला रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठलं होतं. पलीकडच्या रांगा एकामागून एक उघड्या पडल्या होत्या, आणि बर्फाने मढलेली झाडं उन्हात ठसठशीत दिसत होती. निघायची गडबड चालू होती. बॅगा दारात आल्या, गोंडोला सुरू झाला. मेधा काउंटरपाशी सगळ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या गोळा करत उभी होती. मन कशात म्हणून नव्हतं. ते जपानी जोडपंही निघालं. जाताना दोघांनी ओकुबो-सानना वाकून नमस्कार केला आणि सगळं अप्रतिम होतं म्हणून सांगितलं.

मग प्रल्हादराव आले. ओकुबो-सान काउंटरमागून बाहेर आल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि वाकल्या. मग हवेत एक आडवी रेघ ओढली, तसाच कठडा, आणि प्रश्नार्थक बघत राहिल्या.

प्रल्हादरावांनी सुनेकडे पाहिलं.

"सांगा, बाबा," मेधा म्हणाली. "काय वाटेल ते सांगा. एक शब्द गाळणार नाही मी. नोकरी राहो नाहीतर जावो."

"एकही नाही?"

"एकही नाही."

प्रल्हादराव खाकरले. अंगातला ओव्हरकोट त्यांनी नीट केला, आणि मेधाला एकदम वर्कशॉपमध्ये उभे असलेले बाबा कसे दिसत असतील ते कळलं.

"तर पहिलं म्हणजे कठडा. आणि तो माझ्यासाठी नव्हे. मी धडधाकट आहे. ते आत्ता गेले ना नवरा-बायको, त्यातल्या बाईंचे गुडघे गेलेत. दोन्ही दिवस त्या गच्चीच्या पायऱ्यांपर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या. एवढा डोंगर चढून आल्या आणि आजचा हा देखावा न बघता गेल्या. त्या बोलणार नाहीत, म्हणून मी बोलतो. दुसरं, चहा. दूध वरून ओतायचं नसतं, चहाबरोबर उकळायचं असतं. आलं नसलं तर नसू दे. तिसरं, खिडकीतली खुर्ची खांबाच्या अलीकडे घ्या. पैसे पडत नाहीत त्याला. चौथं, बाहेरचं खाणं नको म्हणणारी ती पाटी इंग्रजीत लिहा, म्हणजे आमचे लोक निदान लाजत लाजत डबा काढतील."

मेधा सांगत गेली. एकेक शब्द, जसाच्या तसा. ओकुबो-सान मान हलवत होत्या. जोडप्याबद्दल ऐकल्यावर मात्र त्या दाराकडे बघत राहिल्या. गोंडोला केव्हाच खाली गेला होता.

"आता शेवटचं," प्रल्हादराव म्हणाले. "आणि ह्या लॉजमधली सगळ्यात मोठी खोट हीच आहे. त्यांना सांग की माझी सून तीन दिवस इथे वरखाली धावतेय. ती जेवताना मला एकदाही दिसली नाही. एवढी माणसं इथे खाऊन-पिऊन नावं ठेवून गेली, मीही त्यातलाच, पण बाई गं, तू जरा टेक, असं तिला एकानेही म्हटलं नाही. असल्या ठिकाणी मी माझ्या सुनेला ठेवणार नाही, पण ती ऐकणार नाही, तिला हे काम जिवापाड आवडतं. तेव्हा तिला निदान बसायला तरी एक खुर्ची द्या."

मेधा ओकुबो-सानकडे वळली, आणि परत सासऱ्यांकडे.

"गाळणार नव्हतीस ना?" प्रल्हादराव हळूच म्हणाले.

मग तिने सांगितलं. स्वतःबद्दलचं ते सगळं, स्वतःच्या तोंडाने, परक्या भाषेत, मधे मधे डोळे पुसत. जिवापाड आवडतं, तेही सांगितलं. मागे अंबरीष बॅग धरून उभा होता. त्याने मान खाली घातली.

ओकुबो-सान काउंटरमागे गेल्या, आपली स्वतःची खुर्ची ओढत बाहेर आल्या आणि ती मेधाच्या मागे ठेवली. मग काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"बसा म्हणाल्या." मेधाने नाक पुसलं. "आणि म्हणाल्या, ही खुर्ची पुढच्या हिवाळ्यातही काउंटरमागेच असेल. माझी."

"मग बस की." प्रल्हादरावांनी पुढे होऊन खुर्ची हलवून बघितली. "एक पाय डुगडुगतोय हिचा. तेही सांग त्यांना."